शिक्षेची बदली

सर्व्हरची मेमरी वाढवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! पट्ट्या बसवायच्या, झाकण लावायचं, बटण दाबायचं. मी साहेबांना छाती फुगवून सांगितलं, "तुमचा डबा संपायच्या आत करून टाकतो."

साहेबांना वाटलं, काय कामसू माणूस आहे! खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझी बायको रुपाली आमच्याच खात्यात आहे, पण तिकडे भामरागडच्या जंगलात, हेमलकशाच्याही पुढच्या गावात. मी चंद्रपूरच्या कार्यालयात. (खात्याचं नाव विचारू नका, मला अजून नोकरी करायची आहे.) लग्न झाल्यापासून आम्ही सणावारालाच एकत्र राहिलो. मी अजून दोघांचा भात मांडतो आणि उरलेला सकाळी परतून डब्यात नेतो. एकट्यापुरता भात मला काही केल्या जमत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला बदलीच्या अर्जाची मुदत संपणार होती. अर्ज आमच्याच सर्व्हरवर भरायचे आणि सर्व्हर इतका मंद, की पान उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन यावा. रुपालीला रेंज मिळते ती गावामागच्या टेकडीवर, तीही मनात आलं तर. तिचा अर्ज रोज अर्ध्यातच अडकायचा. मेमरी वाढली की अर्ज जाणार आणि अर्ज गेला की रुपाली येणार, एवढा माझा सरळ हिशेब.

मी मेन स्विच पाडला, सर्व्हर उघडला, नव्या पट्ट्या जुन्यांच्या जोडीला बसवल्या. स्विच पडल्यामुळे खोलीचा एसीही बंद. मे महिना! घाम पुसत मी फोन घेऊन बाहेर आलो.

"पोचली का टेकडीवर?"

"पोचली ना. ऊन पाहा कसं तापून राह्यलं. झाला का तुमचा सर्व्हर सुरू?"

"झालाच समज. अर्ज कसा जाते ते पाहतच राहशीन."

"जाऊ द्या बाप्पा एकदाचा. तुमच्या हातची खारट भाजी खाऊ वाटून राह्यली मले."

आता असं कुणी बोललं तर फोन ठेवतो कोण? मी बोलत राहिलो.

परत आलो तर खोली गारेगार. आमचे शिपाई देवरावभाऊ यांनी साहेबांचा कूलर ढकलत आणून, व्हरांड्यातून वायर ओढून, थेट उघड्या सर्व्हरच्या तोंडाशी लावला होता.

"मशीन तापून राह्यली होती, प्रफुलभाऊ. मंग मीनं कूलर लावून देल्ला."

त्यांना काय बोलणार? उन्हाळ्यात आमच्याकडे कुणालाही काहीही झालं की आधी कूलर लावतात. पण या कूलरची टाकी काठोकाठ भरलेली आणि जाळ्यांतला गवताचा घास नवाकोरा. पाण्याचे शिंतोडे आणि घासाच्या काड्या सर्व्हरभर उडालेल्या. पोळ्याच्या दिवशी तळ्यावरून आणलेल्या बैलासारखा तो निथळत होता.

मी सगळ्या पट्ट्या उपसून देवरावभाऊंच्या हाती दिल्या आणि आतलं पाणी टिपत बसलो. गच्चीवर कॅन्टीनच्या प्रेमिलाबाईंच्या कुरड्या वाळत होत्या. त्यांच्याच शेजारी पट्ट्या पसरल्या गेल्या. वाळल्या मात्र खडखडीत. देवरावभाऊंनी ताटात घालून आणल्या.

"यावरचे चिकटवलेले कागद कुठी गेले, भाऊ?" मी विचारलं.

"ते काढून टाकले. त्याच्याखाली ओलं राह्यत होतं ना."

त्या कागदांशिवाय जुनी पट्टी कुठली आणि नवी कुठली, हे ओळखायचं कसं? मी एकेक लावून पाहिली. जोडी चुकली, की सर्व्हर नुसता पीं पीं करायचा. मधूनच रुपालीचा फोन, "सर्व्हर बंद दाखवून राह्यला." मी म्हणायचो, "दोन मिनिटं." तिकडे ती उन्हात उभी, इकडे मी ताट घेऊन बसलेलो.

शेवटी सर्व्हर सुरू झाला आणि काय पळाला! रुपालीनं बोट लावताच पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं, 'मुदत संपली आहे.' इतक्या झटकन आमच्या सर्व्हरवर आजवर कुठलंच पान उघडलं नव्हतं.

मग साहेबांनी बोलावलं. साहेब साताऱ्याचे. दुपारभर कूलरविना भाजून निघालेले.

"तुमच्यासारख्या माणसाला तिकडे जंगलात फेकलं पाहिजे. भामरागडला!"

साऱ्या महाराष्ट्रात साहेबलोक हीच धमकी देतात आणि ती ऐकून भलेभले पाय धरतात. माझ्या मनात मात्र लाडू फुटले.

"कधी, साहेब?"

"हसताय काय?"

"सकाळची गाडी आहे, साहेब. बायको तिकडेच असते माझी."

साहेबांनी रुमालानं मान पुसली. थोडा विचार केला.

"मग ती शिक्षा कशी होईल?" ते म्हणाले, आणि मला चंद्रपुरातच ठेवलं.

हे सगळं मी रुपालीला फोनवर सांगितलं.

"हसले काऊन तुमी?" ती हळूच म्हणाली. "साहेबापुढं दोन मिनिटं रडले असते तं काय झालं असतं?"

आता येतं हो रडू. पण साहेब रजेवर गेलेत. साताऱ्याला, बायकोला भेटायला.