रांगेतलं लाल नळकांडं

नौफल नऊ वर्षांनी माँट्रियलहून परत आला तेव्हा त्याने मनाशी एकच ठरवलं होतं: देश सुधारायचा. पण देश मोठा असतो, आणि सुरुवात कुठून करायची हे कुठल्याच विद्यापीठात शिकवत नाहीत. म्हणून त्याने तिजानीमामांच्या पिकअपपासून सुरुवात केली.

त्याचं झालं असं, की त्याच्या धाकट्या बहिणीचं, दोर्राचं लग्न आठवड्यावर आलं होतं. गुरुवारी सकाळी तिचं संसाराचं सगळं सामान दूर स्फाक्स शहरात सासरी निघणार होतं. आठ लोकरी गाद्या, फ्रीज, पुरुषभर उंचीचा आरसा, आणि घोंगड्या किती ते आईलाच माहीत. हे सगळं मामांच्या पिकअपमधून, उघड्यावर, अख्ख्या ऐन रुमान गावाला दिसेल असं जायचं होतं. (झाकून नेलं की लोक म्हणतात, झाकण्यासारखंच असणार.) अडचण एवढीच होती की पिकअपच्या तपासणीचा दाखला महिन्यापूर्वी संपला होता, आणि गावाबाहेरच्या चौकीवर पोलीस नेमका तोच मागतात. जूनमध्ये मागच्या गल्लीतल्या एका मुलीचं सामान असंच गाडीसकट चौकीच्या आवारात अडकलं. नऊ दिवस. गाद्यांवर शेजारच्या शेळ्या झोपायच्या. लग्न झालं, पण तिची सासू अजूनही येईल त्या पाहुण्याला सुनेची गादी हुंगायला लावते.

मंगळवारी संध्याकाळी मामा अंगणात येऊन बसले आणि सहज म्हणाले, "उद्या गाडी नेतो तपासणीला. बशीर न्हाव्याचे चार टायर रात्री चढवतो, परवा परत देऊन टाकतो."

नौफलने चहाचा पेला खाली ठेवला. "म्हणजे? तपासणी बशीरच्या टायरांची होणार?"

"टायर गोल असले की झालं, बाळा. ते काय नाव विचारतात?"

"मामा, अहो, ही फसवणूक आहे! याने माणसं मरतात!"

"बशीरच्या टायरांनी अजून कुणी मेलं नाही. चांगले आहेत. सात वर्षं सगळी गल्ली वापरतेय."

"गाडी मी नेतो," नौफल म्हणाला.

आई, म्हणजे वसीला, गादीच्या खोळीला टाके घालत होती. तिची सुई अर्ध्यातच थांबली. दोर्रा दारातून म्हणाली, "दादा, कृपा कर. माझ्या गाद्या आहेत रे त्या."

"तुझ्या गाद्यांसाठीच करतोय," नौफल म्हणाला. आणि खरोखरच, त्याला तसंच वाटत होतं.

रात्रीतून त्याने तपासणीचे नियम छापून आणले. अकरा पानं. पिवळ्या पेनने खुणा केल्या. स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून चार कोरे टायर आणले, मागचा दिवा बदलला आणि आग विझवायचं एक नवं लाल नळकांडं घेतलं. मामांनी सगळं पाहिलं. सकाळी ते शेजारच्या सीटवर बसले तेव्हा नौफल म्हणाला, "मामा, तुम्ही आज फक्त बसा. काही बोलू नका. रस्ता फोन सांगेल."

उन्हाळ्यात तपासणी केंद्र दुपारी एकला बंद होतं. निघताना दहा वाजले होते. भरपूर वेळ होता.

फोनने त्यांना स्फाक्सच्या रस्त्याला नेलं, मग डावीकडे, मग डाळिंबांच्या बागांमधून एका कच्च्या वाटेवर, आणि अकराला पाच कमी असताना एका मोठ्या फाटकासमोर आणून उभं केलं. आत खुर्च्यांचे ढीग होते, आणि एक माणूस शिडीवर चढून रंगीत दिव्यांची माळ लावत होता.

"तपासणी केंद्र?" नौफलने विचारलं.

"लग्नाचा हॉल आहे," तो माणूस म्हणाला. "केंद्र दोन वर्षांपूर्वी हललं. मतमाताच्या रस्त्याला."

नौफलने हळूहळू मान वळवली. "मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणालास, बोलू नका." मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मला वाटलं, तुझ्या पानांमध्ये काहीतरी वेगळं लिहिलं असेल."

(नौफलच्या बाजूने एक सांगायला हवं: तो ओरडला नाही. त्याने फक्त गिअर असा टाकला की पिकअपच ओरडली.)

गावाच्या दुसऱ्या टोकाला, मतमाताच्या रस्त्यावर ते पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. केंद्र म्हणजे एक लांबलचक शेड. एका बाजूने गाडी आत जायची, दुसऱ्या बाजूने बाहेर पडायची आणि कमरेएवढ्या भिंतीपलीकडून वळसा घालून रस्त्याला लागायची. आत जायच्या बाजूला सहा गाड्यांची रांग होती. नौफलचा नंबर सातवा; मागे लगेच आणखी पाच लागल्या. त्याने हिशेब मांडला: एका गाडीला आठ मिनिटं. जमेल. जेमतेम, पण जमेल.

सगळ्यात पुढे पावाची गाडी होती. तपासनीस हमादी, पन्नाशीचा, कानावर पेन खोचलेला माणूस, आत डोकावला, लाल नळकांड्यावर टिचकी मारली आणि कागदावर खूण केली. दुसरी टॅक्सी. पुन्हा लाल नळकांडं, पुन्हा टिचकी. त्या नळकांड्याला वरच्या बाजूला एक पोचा होता, लिंबाएवढा. तिसरी गाडी एका शिक्षकाची. तोच पोचा. नौफल सरळ होऊन बसला. चौथ्या गाडीच्या वेळी त्याने पाहिलं: तपासणी होऊन बाहेर पडलेला शिक्षक भिंतीपाशी गाडी थांबवतो, हात बाहेर काढतो, आणि लाल नळकांडं भिंतीवरून रांगेत परत येतं, एका हातातून दुसऱ्या हातात, लग्नात पंगतीला वाढप फिरावं तसं.

"मामा, एकच आहे!"

"एकच पुरतं ना," मामा म्हणाले. "गाड्या आत एकेकच जातात."

"पण आग लागली तर?"

"इथे? आत्ता?"

नौफल खाली उतरला. मामांनी त्याच्या शर्टाचं टोक धरलं. "बाळा, बारा वाजून गेलेत. दोर्राच्या गाद्या आठव आणि बस."

पण अकरा पानं हातात घेऊन माणूस एकदा खाली उतरला की तो बसत नाही. तो थेट हमादीपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, प्रत्येक गाडीत तेच नळकांडं आहे! आणि ते रिकामं आहे! काटा बघा, पार खाली पडलाय! ही फसवणूक आहे, याने माणसं मरतात!"

हमादीने कानावरचं पेन काढलं. तो रागावला नाही. तो दुःखी झाला.

"मोठ्याने सांगितलंत," तो म्हणाला. "हळू सांगितलं असतंत तर मला ऐकू आलं नसतं. आता ऐकू आलं." त्याने पोचा असलेलं नळकांडं उचलून टेबलावर ठेवलं. "ठीक आहे. आता पुस्तकाप्रमाणे. ज्या गाडीत स्वतःचं नळकांडं नाही, ती नापास."

रांगेतून असा आवाज उठला की भिंतीवरचं मांजर पळालं.

"कोण रे हा?" मोख्तार ओरडला. तो गावोगाव माणसं नेणारी गाडी चालवायचा, आणि दाखला नसला तर उद्यापासून त्याला स्टँडवर उभं करणार नव्हते.

"तिजानीचा भाचा," कुणीतरी म्हणालं. "बाहेर शिकून आलाय."

"मग परत पाठवा त्याला. थोडं शिकायचं राहिलंय."

पुढच्या दोन गाड्या नापास झाल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या. बारा वाजून पस्तीस मिनिटांनी पिकअप आत गेली. नौफलची मान ताठ होती. ब्रेक पास. दिवे पास. धूर पास. हमादी टायरांपाशी वाकला, बोट फिरवलं आणि चकित होऊन वर पाहिलं. "तिजानी, हे तुझेच?"

"माझेच."

"तुझे टायर मी आज पहिल्यांदा पाहतोय. बरे आहेत." मग त्याने दार उघडलं. नवं नळकांडं सीटखाली आईच्या टॉवेलात गुंडाळून ठेवलं होतं. हमादीने ते बाहेर काढलं. काटा हिरव्यात. तारीख ताजी.

"बघा!" नौफल म्हणाला.

"बघतोय. लोळतंय." हमादीने हात पुढे केला. "ती पानं द्या जरा. हं. पान सहा. 'चालकाच्या हाताशी, पकडीत घट्ट बसवलेले.' पकड कुठेय?"

नौफलने पान पाहिलं. 'चालकाच्या हाताशी' या शब्दांवर पिवळी खूण होती. पुढच्या शब्दांवर नव्हती.

"नापास," हमादी म्हणाला. मग घड्याळाकडे पाहून, जरा मऊ आवाजात: "एकच्या आत पकड बसवून आणलीत तर पुन्हा बघतो. एकनंतर थेट शनिवारी, उद्या-परवा केंद्र बंद आहे."

शनिवारी! नौफलच्या डोळ्यांसमोर शेळ्या आल्या. आठ गाद्यांवर आठ शेळ्या, आणि मधोमध आरसा, त्यात आणखी आठ. तो बाहेर धावला. जवळचं दुकान गावात, आणि गावातली दुकानं उन्हामुळे बाराला बंद. बारा चव्वेचाळीस. भिंतीपाशी नापास झालेले आणि मागे रांगेत खोळंबलेले सगळे उभे होते, हाताची घडी घालून, कुणी कणीस सोलत. सगळ्यांत पुढे मन्नूबियाताई. सुट्टीतल्या शिबिराच्या मुलांची व्हॅन चालवणारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नौफलने तिच्या व्हॅनमध्ये डोकावलं आणि जागच्या जागी थिजला. दाराशेजारी, दोन स्क्रूंनी पक्की बसवलेली, चकचकीत लोखंडी पकड होती. मोख्तारच्या गाडीत पकड. रांगेतल्या दुसऱ्या एका टॅक्सीत पकड. प्रत्येक गाडीत पकड होती आणि त्यात नळकांडं नव्हतं. अख्ख्या रांगेत नळकांडं फक्त त्याच्याकडे होतं, आणि पकड फक्त त्याच्याकडे नव्हती.

"ताई," त्याने घसा साफ केला. "तुमची ती पकड... पाच मिनिटांसाठी..."

"उसनी?" मन्नूबियाताईने इतक्या गोड आवाजात विचारलं की कणीस सोलणाऱ्याने कणीस खाली ठेवलं. "उसनं घेणं म्हणजे फसवणूक ना रे, साहेब? माणसं मरतात म्हणे."

"ताई, माझ्या बहिणीचं सामान उद्या सकाळी निघायचंय. दाखला नसला तर चौकीवर अडवतील."

हे ऐकून ती हसायची थांबली. मागच्या गल्लीतल्या त्या गाद्यांची गोष्ट तिलाही माहीत होती. गावात सगळ्यांनाच माहीत होती. तिने मोख्तारकडे पाहिलं. मोख्तारने टॅक्सीवाल्याकडे. नजरेनेच काहीतरी ठरलं.

"पकड देते," ती म्हणाली. "पण तुझं काम झालं की ते नळकांडं भिंतीवरून इकडे यायला हवं. माझ्या व्हॅनला चाळीस पोरं आहेत उद्या. त्यांना मी चालत नेऊ?"

नौफलने भिंतीकडे पाहिलं. मग हातातल्या पानांकडे. बारा सत्तेचाळीस. मामा पिकअपमधून त्याच्याकडे पाहत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. (त्यांना बोलायला कुणी सांगितलं नव्हतं.)

"स्क्रू ड्रायव्हर आहे का?" नौफल म्हणाला.

तीन जणांनी एकदम पुढे केला.

मोख्तार स्वतः पिकअपखाली आडवा होऊन नट धरत होता, टॅक्सीवाला पकड दाबून धरत होता, आणि नौफल पिळत होता. पहिला स्क्रू बसला. दुसरा हातातून निसटून सीटच्या फटीत गेला. "थांब, ओढू नकोस! बोट घाल!" "बोट जात नाही!" "तुझं जात नाही, मन्नूबियाताईचं जाईल!" मन्नूबियाताईचं गेलं. बारा चौपन्नला हमादीने नळकांडं हलवून पाहिलं. हललं नाही. त्याने टिचकी मारली, खूण केली आणि शिक्का असा हाणला की टेबल डगमगलं.

नौफलने गाडी बाहेर काढली आणि भिंतीपाशी थांबवली. पलीकडे दहा-बारा हात वर आले होते. त्याने पकडीतून नळकांडं काढलं, पकडही सोडवली आणि दोन्ही भिंतीवरून दिली. ते करताना त्याने शेडकडे बघायचं टाळलं. पण नजर गेलीच. हमादी पाठ करून उभा होता आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे इतक्या मन लावून पाहत होता, जणू ते त्याने आजच पाहिलं होतं. त्या दिवशी केंद्र दीडला बंद झालं. का, ते कुणी विचारलं नाही.

घरी जाताना मामा फक्त एवढंच म्हणाले, "चांगलं आहे तुझं नळकांडं. जड आहे. लोकांच्या हाताला सवय व्हायला वेळ लागेल."

गुरुवारी सकाळी डरबुक्या, म्हणजे काखेत धरायचे ढोल, वाजल्या, बायकांनी जिभेने लूलूचा गजर केला, आणि गाद्यांच्या थप्पीवर आरसा बांधून पिकअप निघाली; वाजवणारे चौकीपर्यंत मागून आले. चालवायला अर्थातच नौफल. दोर्राने दारातून डोळे पुसत हात हलवला. आईने त्याचं कपाळ चुंबलं. पूर्ण गल्लीसमोर तिचा मुलगा कायदेशीर गाडी घेऊन चालला होता.

चौकीवर पोलिसाने हात केला. नौफलने काच खाली घेतली आणि मागण्याआधीच दाखला पुढे केला. शिक्का अजून ओलसर वाटावा इतका ताजा होता.

"वा," पोलीस म्हणाला. "सुंदर. आणि तुमचं लायसन्स?"

नौफलने पाकिटातून काढून दिलं. पोलिसाने ते उलटं केलं, सुलटं केलं, उन्हात धरलं.

"हे तीन आठवड्यांपूर्वी संपलंय, साहेब."

मागे डरबुक्या थांबल्या. नौफलने अकरा पानं तीनदा वाचली होती. त्यात फक्त गाडी होती.

पोलिसाला त्याची दया आली, की गाद्यांची, ते सांगता येत नाही. तो म्हणाला, गाडी ठीक आहे, सामान ठीक आहे, पण तुम्ही उतरा. मागे गाद्यांवर आरसा धरून बसलेले मामा उतरून स्टिअरिंगवर आले. पुढच्या सीटवर मामी, एक मावशी आणि मिठाईचे डबे दाटीवाटीने बसले होते, म्हणून नौफलला मागे, गाद्यांवर, आरसा धरायला बसवलं. दीडशे किलोमीटर तो आरशाला मिठी मारून, उन्हात, वाऱ्यात, धुळीत गेला.

स्फाक्सला नवरदेवाच्या आत्याने दारातच स्वागत केलं. तिने घामाने निथळलेल्या, धुळीने पांढऱ्या झालेल्या नौफलला एकट्याने फ्रीज उतरवताना पाहिलं, आठही गाद्या जिना चढवताना पाहिलं, आणि समाधानाने मामांकडे वळली.

"हमाल चांगला मिळालाय हो तुम्हाला. आमचं एक कपाट हलवायचंय. उद्या मोकळा आहे का हा?"

"आहे ना," मामा म्हणाले. "लायसन्स येईपर्यंत मोकळाच आहे."