मुकीबी मास्तरांची साखर

"चाळीस वर्षं शाळेतली टारगट पोरं सरळ केली. ही जीभ सरळ करायला आठ दिवस म्हणजे चैन झाली!" मुकीबी मास्तरांनी ओसरीवरून जाहीर केलं. बायको नाबुकेन्या केळी सोलत होती. तिनं मानही वर केली नाही.

वेळच तशी आली होती. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. चार महिन्यांची नात मांडीवर खेळायची, पण तिचं तोंड म्हणजे नुसता धुरकट गोळा! तालुक्याच्या गावी, मसाकाच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर वर्षातून एकदाच येत, ते पुढच्या सोमवारी येणार होते. तिथल्या नर्सनं बजावलं होतं, "साखर उतरली तर ऑपरेशन, नाहीतर पुढच्या वर्षी!"

मास्तरांनी घरातली सगळी साखर शेजारी वाटून टाकली. का वाटता, असं ज्यानं त्यानं विचारलं. "आजारी आहे," मास्तर म्हणाले. इथंच घोड्यानं पेंड खाल्ली! आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं कोण जातं? टेकडीवरचं अख्खं गाव लोटलं आणि संध्याकाळपर्यंत घरात अकरा किलो साखर जमली!

"अहो कग्वा, मला साखरेचाच तर आजार आहे!" मास्तर कळवळले.

"मग? फिका चहा पिऊन कुणी बरं झालंय का?" शेजारच्या कग्वांनी दोन किलोची पिशवी मांडीवर ठेवली आणि स्वतःच्या हातानं मास्तरांच्या कपात चार चमचे ओतले. "प्या, मी सोबतीला बसतो!"

नाही कसं म्हणणार? लोकांनी पोराबाळांच्या तोंडचं काढून आणलेली साखर ती! मास्तरांना भरून आलं. "देव तुमचं भलं करो," म्हणत त्यांनी कप ओठांना लावला आणि कग्वांची नजर वळताच गुपचूप खुर्चीमागं ओतला. मग पुढचा पाहुणा, पुढचा कप!

तिसऱ्या दिवशी म्हातारी नान्तेझा रिवाजाप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार करायला वाकली आणि किंचाळलीच, "अगं बाई! मास्तरांना मुंग्या लागल्या!"

उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत काळी रांग!

"अंगातून साखर गळायला लागली हो!"

झालं! पलीकडच्या गावांतूनही माणसं आली. चर्चचं गायकमंडळ आलं, खुर्चीपुढं उभं राहून चार गाणी म्हणून गेलं आणि जाताना साखरेचं अख्खं पोतं ठेवून गेलं. मास्तर डोळे पुसत सगळ्यांचे आभार मानत होते आणि खुर्चीमागं चिखल वाढत होता.

सोमवारी नर्सनं रक्त दोनदा तपासलं. "मास्तर, छान उतरलीय! कसं जमवलंत?"

"आमची माणसं फार चांगली आहेत हो," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले.

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. नातीच्या गालावर एवढासा तीळ होता! तिनं आजोबांचं नाक धरलं आणि मास्तर ढसाढसा रडले.

"डोळा नवा आहे, भिजवू नका!" नाबुकेन्या ओरडली. मग हळूच म्हणाली, "कग्वांचं कळलं का? तुमच्या सोबतीला म्हणून रोज सहा-सहा कप रिचवले त्यांनी. काल चक्कर येऊन पडले. त्यांची साखर तुमच्या दुप्पट निघाली!"

"अरे देवा! माझ्यासाठी एवढं केलं त्या माणसानं!" मास्तरांनी तडक बाहेर जायचा लांब पांढरा झगा चढवला, वर कोट घातला आणि भराभर पायऱ्या उतरले. फाटकाशी थबकले. मागं फिरले.

"काय राहिलं?" नाबुकेन्यानं विचारलं.

मास्तरांनी कोटाची बटणं चाचपली.

"अगं, आजाऱ्याच्या घरी जायचंय," ते पुटपुटले. "दोन किलो बांध."