तळ्यातलं बुजगावणं

"पाखरांची भीती मला घालू नका, हंसाबाई! परभणीला माझं बुजगावणं बघून पाखरंच काय, तलाठीसुद्धा वाट बदलायचा!"

नागोरावानं ही घोषणा केली तेव्हा बोईसरजवळच्या सरावलीची अख्खी चाळ दारात उभी होती. पुढं सगळी पंचाईत झाली ती त्यामुळंच. साक्षीदार फार!

नागोराव तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर फिटर होता. साल सदुसष्ट. आयुष्यभर ज्वारी राखलेल्या या माणसानं मासा पहिल्यांदा खाल्ला तो बोईसरला आल्यावर. म्हणजे दोन वर्षांपूर्वी. एवढ्या अनुभवावर तो त्या विषयातला जाणकार झाला होता. चाळीमागचं तळं त्यानं पंचायतीकडून मागून घेतलं, सरकारी खात्याकडून कटला माशाची बोटाएवढी पिल्लं आणून सोडली, आणि होळीला साऱ्या चाळीला कटल्याच्या कालवणाचं आमंत्रणही देऊन टाकलं. मासे बोटभर, आमंत्रण हातभर!

हंसाबाई सातपाटीची कोळीण. रोज बोईसर स्टेशनावर उतरून डोक्यावर पाटी घेऊन चाळीत यायची. तिनं तळ्याकडं बघून नुसतं एवढंच म्हटलं होतं, "नागोभाव, पानकावळे हायत तितं. आदी त्यांचं बग."

त्यावर वरची घोषणा झाली. हंसाबाईनं पाटी खाली ठेवली.

"असं काय? मंग होळीला माज्या हाताएवडा कटला दाव. नाय दावलास, तर ही पाटी डोक्यावर घेऊन टेसनापासून चाळीपर्यंत चालायचं. आनि वरडायचं बी!"

"मंजूर!" नागोराव गरजला.

"अहो, आधी पोहायला तरी शिका," असं त्याची बायको राहीबाई म्हणाली. पण ते कोण ऐकतो!

रविवारी नागोरावानं तळ्याच्या मधोमध बांबू रोवला, आडवी काठी बांधली, तिला आपला जुना खाकी सदरा घातला आणि वर कामावरची पिवळी टोपी चढवली. बुजगावणं इतकं हुबेहूब झालं, की राहीबाईनं काठावरून त्याला जेवायला हाक मारली.

आता वाचकहो, पाणकावळ्याचं एक दुखणं असतं. बुडी मारली की त्याचे पंख ओलेचिंब होतात. मग कुठंतरी बसून, पंख पसरून ते वाळवावे लागतात. या तळ्याच्या काठी तर एकही झाड नव्हतं! त्यामुळं आजवर पाणकावळे यायचे, चार मासे उचलायचे आणि ओल्या अंगानं दुसरीकडं जायचे. फार गैरसोय होती बिचाऱ्यांची!

ती नागोरावानं दूर केली.

सोमवारी बुजगावण्याच्या उजव्या हातावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. मंगळवारी डाव्या हातावर त्याची मंडळी आली.

"एकट्या माणसाला भीत नाहीत," नागोरावानं निष्कर्ष काढला आणि दुसरं बुजगावणं उभं केलं. मग राहीबाईचं लुगडं नेसवून तिसरं. मग चौथं. महिन्याभरात सफाळ्यापासूनचे पाणकावळे तिथं मुक्कामाला आले. बगळे आले, खंड्या आला. तळ्यात जणू चार खांबांची धर्मशाळा उघडली होती, आणि जेवणाची सोय खालीच!

"तुमची माणसं हलत नाहीत, म्हणून पाहुणेही हलत नाहीत," राहीबाई म्हणाली.

नागोरावाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हलणारं बुजगावणं! त्यानं 'ताप आला आहे' अशी चिठ्ठी कामावर धाडली, मधलं बुजगावणं उपटलं, टोपी घातली आणि कमरेइतक्या पाण्यात हात पसरून स्वतः उभा राहिला. पाखरू जवळ आलं की एकदम ओरडायचं, असा बेत.

पाखराच्या आधी जीप आली. साहेबांची!

"बघा," साहेब बरोबरच्या पाहुण्याला सांगू लागले, "आमच्या एका फिटरची करामत. तो आज तापानं फणफणलाय, नाहीतर भेटवला असता."

नागोराव श्वास रोखून ताठ झाला. एक पाणकावळा पाण्यातून वर आला आणि त्याच्या मनगटावर बसला. दुसरा टोपीवर. दोघांनी सावकाश पंख पसरले. गार पाण्याचे थेंब सदऱ्याच्या गळ्यातून आत उतरू लागले. नंतर जे उतरलं ते गार नव्हतं.

"चेहरा किती जिवंत वाटतो!" पाहुणा म्हणाला.

साहेबांनी निरखून पाहिलं. "हो, पण मूळ माणूस इतका बावळट दिसत नाही."

जीप गेली. नागोरावाला दुसऱ्या दिवशी खरोखरच ताप आला.

होळीला हंसाबाईचा नवरा जानू सातपाटीहून जाळं घेऊन आला. चाळ भांडी घेऊन काठावर बसली. पहिल्या फेरीत शेवाळ आलं. दुसऱ्या फेरीत पिवळी टोपी. तिसऱ्या फेरीत एक कटला आला: बोटभर! जसा सोडला तसा. भीतीनं वाढायचाच राहिला असावा.

हंसाबाईनं त्याच्याशेजारी आपला हात धरून दाखवला. चाळ हसून हसून लोळली.

"नागोभाव, दर्यात नुसता खुंट रोवला तरी पाखरू येऊन बसतं. आमची पोरंबी जानतात! तू खुंट रोवलास, आनि वर त्याला सदरा घातलास!"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगनार व्हते. पन तू तलाठ्याचं सांगत व्हतास ना!"

दुसऱ्या दिवशी नागोराव पाटी घेऊन स्टेशनावरून निघाला. "बोंबीऽल! ताजे बोंबीऽल!" अर्ध्या वाटेवर पहिलं गिऱ्हाईक भेटलं. राहीबाई! तिनं प्रत्येक बोंबील उलटून पाहिला आणि "शिळे दिसतात" म्हणून पुढं गेली. हंसाबाई मागं पदर तोंडात धरून चालत होती. सगळे बोंबील आज तिच्याकडून चाळीला फुकट होते; होळीचं आमंत्रण वाया जाऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

तळ्याजवळ रस्ता उंचसखल होता. पाटी डगमगली. तोल सावरायला नागोरावानं दोन्ही हात पसरले.

फडफड झाली. उजव्या मनगटावर ओळखीचं वजन आलं.

हंसाबाई हळूच म्हणाली, "भाव, हलू नको. वाळू दे बिचाऱ्याला!"

आणि नागोराव उभा राहिला. सवयच झाली होती.