शेलारांच्या सहा काळ्या वाट्या

दर बुधवारी सकाळी आमच्या घरात मिरची कुटायला बंदी होती. लसूण ठेचायचा नाही, दार आपटायचं नाही, आणि मी माझ्याच घरात चालायचं ते चोरासारखं, चवड्यांवर. घर आमचं, खलबत्ता आमच्या हिचा, आणि बंदी घालणारे मात्र भिंतीपलीकडचे डॉ. ज्ञानू शेलार. बुधवारी त्यांचा तराजू उघडायचा. तो म्हणे इतका नाजूक, की इकडे खलबत्त्यात दणका बसला की तिकडे काटा थरथरायचा. मग भिंतीवर टकटक व्हायची आणि आवाज यायचा, "वहिनी, वजन चाललंय!"

"त्यांचं वजन चाललंय आणि माझं कालवण राहिलंय," असं पुटपुटत ही बत्ता खाली ठेवायची. तिच्या जागी मी असतो तर ठेवला नसता.

एवढं वजन कशाचं, असं कुणालाही वाटेल. सोन्याचं? औषधाचं? छे. काजळीचं! विलायतेहून डॉक्टर होऊन आलेला हा माणूस घरात बसून काजळी तोलत होता.

ही साठ सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली हकिकत. सांगलीहून माधवनगरला जाणाऱ्या रस्त्यावर एका बैठ्या घराच्या एका भागात आम्ही आणि दुसऱ्या भागात शेलार राहत होतो. एकाच कॉलेजात मी इतिहास शिकवायचो, ते रसायनशास्त्र. मूळचे पाटणच्या पलीकडच्या एका खेड्यातले. वडील लवकर गेले, थोरला भाऊ पलटणीत, आणि गावी आई एकटी. पुण्याला शिकले, तिथून विलायतेला गेले, आणि विमानाचं इंधन तापल्यावर कसं तुटतं यावर डॉक्टरेट मिळवून आले. तिकडच्या प्राध्यापकांनी राहा म्हणून गळ घातली होती म्हणे. पण हे परत आले, आणि विमान सोडून रॉकेलच्या मागे लागले. शहाण्या माणसाने असं का करावं, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

त्यांनी मला ते रसायन एकदा समजावूनही सांगितलं होतं. म्हणजे मी अडवून धरला गेलो होतो. "इनामदार, रॉकेल म्हणजे साखळ्या. तापवल्या की तुटतात. तुकड्यांचा वायू होतो, तो जळतो. पण काही तुकडे पुन्हा एकमेकांना धरून बसतात आणि त्यांचा कोळसा होतो. तोच तुमच्या स्टोव्हच्या डोक्यात अडकतो, भोक बुजतं आणि वहिनींना पिन मारावी लागते. आता प्रश्न एवढाच, की साखळी तुटते, पण तुटते कुठं?"

हा प्रश्न त्यांना कायमचा चिकटला होता. एकदा भर गणपती पेठेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी एका पायावर उभा, लोक बघताहेत, ओळखीचे विद्यार्थी हसताहेत, आणि हे चप्पल उन्हाकडे धरून न्याहाळताहेत. "थांबा हो. तुटलं कुठं ते तरी बघू द्या." मी अनवाणी घरी आलो. चप्पल त्यांनी ठेवून घेतली. पुढे आमच्या ग्रंथपालांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. सगळे गप्प बसले असताना ह्या गृहस्थांनी भरल्या स्टाफरूममध्ये अगदी आस्थेने विचारलं, "पण तुटलं कुठं?" ग्रंथपाल त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. आणि ते बोलत नाहीत, हे शेलारांच्या लक्षातही आलं नाही.

गल्लीतल्या बायका त्यांना बघून स्वयंपाकघराचं दार लोटून घेत. कारण हे थेट चुलखंडापर्यंत जात आणि विचारत, "वहिनी, पिन किती वेळा मारता? सकाळी जास्त की संध्याकाळी?" वर स्टोव्हचं डोकं काढून घेऊन जात, 'जरा बघतो' म्हणून. एकदा माझे सासरे आले असताना चहा टाकायला गेलो, तर स्टोव्हला डोकंच नाही! सासऱ्यांना मी शेजाऱ्यांकडचा चहा पाजला. तो शेलारांनी काचेच्या चंबूत केला होता. सासरे त्यानंतर आमच्याकडे कमीच आले, ही एक गोष्ट सोडली तर त्या डोक्याने माझं नुकसानच केलं.

त्यांचा मुख्य प्रयोग सहा वाट्यांचा. स्टोव्हचं डोकं ज्या पितळेचं करतात, त्याच पितळेच्या, झाकण असलेल्या सहा वाट्या त्यांनी तांबटाकडून घडवून घेतल्या होत्या. त्या स्पिरिटच्या दिव्यावर तापवलेल्या वाळूच्या कढईत पुरायच्या आणि त्यांत रॉकेल थेंबाथेंबाने सोडायचं. प्रत्येक वाटीच्या रॉकेलमध्ये चिमूटभर काहीतरी वेगळं. काजळीचा थर चढत जायचा. एखाद्या वाटीत तो थर धरून न बसता आपोआप सुटेल, अशी त्यांची अटकळ होती. तसा सुटला, की न तुंबणारा स्टोव्ह आलाच. "चौथी मनावर घेणार बघा," असं ते म्हणायचे, एखाद्या हुशार विद्यार्थिनीबद्दल बोलावं तसं.

हा प्रयोग आधी कॉलेजातच चालायचा. एकदा प्राचार्य पाहुणे घेऊन आले. त्यांनी एक वाटी उचलली, फारच काळी दिसली म्हणून खिशातला रुमाल काढून सहज पुसली. शेलार ओरडले, "साहेब, माझा अख्खा पावसाळा रुमालात घेऊन चाललात तुम्ही!" पाहुण्यांदेखत. दुसऱ्या दिवशी आगीचा धोका म्हणून प्रयोगाला कॉलेजातून रजा मिळाली आणि वाट्या आमच्या भिंतीपलीकडे आल्या. प्राचार्यांनी एका रुमालाचा सूड माझ्यावर असा घेतला.

पुढच्या साली मात्र गोष्ट गंभीर होती. मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी शेलारांना कळवलं होतं, की थर सुटल्याचा पुरावा दिवाळीपर्यंत दाखवा, इथे जागा आणि सगळी यंत्रं तुमची. चौथ्या वाटीच्या कडेला थर खरंच उचलला गेला होता. उन्हाळ्यापासून वाढवलेला थर! शेलार जेवायचे विसरत होते. मीसुद्धा देवाला हात जोडत होतो. त्यांना जागा मिळाली असती आणि मला बुधवारची मिरची.

दिवाळी तोंडावर आली होती. बुधवारच होता. वजन झालं, शेलारांनी वाट्या ताटात काढून ठेवल्या, किल्ली आमच्या हिच्याकडे दिली आणि आम्ही दोघे कॉलेजला गेलो. संध्याकाळी बरोबरच परत आलो, तर ही दारातच उभी, तोंड एवढंसं झालेलं. "भावजी, तुमच्या आई आल्यात. दुपारच्या गाडीनं. मी किल्ली दिली आणि जरा पडले. मला काय माहीत..."

मागच्या मोरीतून घासल्याचा आवाज येत होता.

शेलार धावले. मीही धावलो. मोरीत नऊवारीचा काचा मारून एक वाळकी, ताठ म्हातारी बसली होती. शेजारी राख, काथ्या आणि चिंचेचा कोळ. पालथ्या पाटावर सहा पितळी वाट्या ओळीने मांडलेल्या. त्या इतक्या चकाकत होत्या की मला माझं तोंड दिसलं.

"आलास व्हय रं ज्ञानू?" म्हातारी म्हणाली. "आरं, काय ही दशा! सा वाट्या, आन एकीला कुणाचा हात लागल्याला न्हाई. निघंना बग. चिच लावली तवा कुठं सुटलं. ह्या एकीचं तेवढं पापुद्र्यावानी आलं."

ती चौथी होती. मी डोळे मिटले. प्राचार्यांना ज्याने सोडलं नव्हतं, तो माणूस आता काय करील या भीतीने मी हिला आत जायची खूण केली.

शेलार खाली बसले. एक वाटी हातात घेऊन त्यांनी आतून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले. मग म्हणाले, "आरशागत केल्यास गं आई. लय दिस झालं व्हतं घासून."

"तर! बाईमाणूस नसलं की आसंच व्हतंय."

त्या रात्री त्या माउलीने त्यांना त्याच वाट्यांतून आमटी वाढली. ती त्यांनी मागून मागून खाल्ली. मी संतापाने जेवलोच नाही.

दोन दिवसांनी तिला एस.टी.वर पोचवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण डॉक्टरसाहेबांचा तास होता. गाडीला वेळ होता. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "गावी स्वयंपाक चुलीवरच का?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. "मास्तर, तुमी ज्ञानूला सांगू नगा. त्यानं इलायतंस्नं आल्या आल्या मला स्टो घिऊन दिला. धुरानं डोळं गेलं माझं म्हनून. पर त्येचं भोक बुजतंय, आन ती पिन घालायला मला भोकच दिसत न्हाई. कुनाला सारकं सारकं बोलवू? म्या त्यो फडताळात ठिवलाय, हळदीकुकू लावून. त्यानं इचारलं की म्हनते, लय ग्वाड चालतोय, पिन लागतच न्हाई. पोराचं मन कशाला मोडायचं?"

"नाही सांगणार," असं मी वचन दिलं. गाडी आली. ती चढली. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा हात करायचंही मला सुचलं नाही.

घरी आलो तो शेलार कढईत वाळू चाळून भरत होते. माझा तोल सुटला. "अहो, कमाल आहे तुमची! मुंबईची जागा गेली. सगळ्या वर्षाची माती झाली. निदान आईला एका शब्दाने सांगायचं तरी!"

"सांगून थर परत चढला असता?"

"मग आता हे कशासाठी? कोण विचारणार आहे तुमच्या काजळीला?"

ते वाळू सारखी करत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईला एक स्टोव्ह दिलाय मी. ती म्हणते, फार छान चालतो, पिन लागत नाही. गेल्या दिवाळीत मी टाकीत रॉकेल भरून आलो होतो. मे महिन्यात गेलो तर तेवढंच होतं. तिला भोक दिसत नाही, इनामदार. ती मला सांगत नाही आणि मीही तिला विचारत नाही. चुलीपुढे बसते, खोकते."

मी नुकतंच एस.टी.वर वचन देऊन आलो होतो. मी चाळण उचलली आणि उरलेली वाळू चाळायला लागलो.

"किती दिवस लागतील पुन्हा?" शेवटी मी विचारलं.

"गेल्या खेपेइतके. थोडे जास्तच."

"आणि आईंचं वय?"

त्यांनी काडी ओढली आणि कढईखालच्या दिव्याच्या वातीला लावली.

"म्हणून तर आजच पेटवतोय."