पाच मार्कांची माणुसकी

माणूस मुळात चांगलाच असतो, ही गोष्ट यंदापासून लेखी परीक्षेने सिद्ध होऊ लागली आहे. शिक्षण खात्याने नववीला 'नरसंहार आणि मानवी हक्क' हा धडा लावला (तास एकच, तोही पस्तीस मिनिटांचा, पैकी दहा हजेरीची) आणि परीक्षेत पाच मार्कांचा प्रश्न ठेवला : 'तुमच्या शेजाऱ्यांना मारायला जमाव आला असता, तर तुम्ही काय केले असते?' खाते दूरदर्शी असल्यामुळे आदर्श उत्तरही सोबतच आले : 'मी त्यांना माझ्या घरात लपवले असते.'

इतिहासाचे मास्तर स्टाफरूममध्ये पेपर तपासायला बसले आणि त्यांचा ऊर भरून आला. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस मुलांनी शेजारी लपवले होते. कुणी माळ्यावर, कुणी कपाटात. एका पठ्ठ्यानं तर अकरा जण बाथरूममध्ये. (घर दोन खोल्यांचं, पण मार्क पाच.) मास्तरांनी सरासरी काढली, दरडोई सहा. याच दरानं अख्खा जिल्हा धरला, तर मारायला माणूस औषधालाही उरत नव्हता. जमावाची तर पंचाईतच, कारण जमावात जायलाही कुणी शिल्लक नव्हतं.

"आपण शिकवलं म्हणून हो!" मास्तर स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी आणखी एक चहा मागवला.

अठ्ठेचाळिसावा पेपर शेवटच्या बाकावरच्या मुलीचा. 'मी दार लावून घेतलं असतं. मला भीती वाटली असती.'

शून्य. त्या शून्यानं ती तीन मार्कांनी नापास होत होती, आणि नापास झाली तर शाळा बंद करून तिला मामाकडे कामाला धाडणार, हे तिच्या आईनं मास्तरांना आधीच सांगून ठेवलेलं. मास्तर काही दगड नव्हते. त्यांनी तिला बोलावून पेन पुढं केलं.

"अगं वेडे, लपवलं असतं म्हणून लिही. तुझं काय जातंय?"

"पण खोटं आहे ते, सर."

"खोटं कसं? सगळ्यांनी लिहिलंय!"

"गेल्या महिन्यात आपल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरच्यांना मारलं ना, ते आपल्यातले नाहीत म्हणून? आम्ही दार लावलं, सर. समोरचं तुमचं. तुम्ही आमच्या आधी लावलंत."

मास्तरांना लाज वाटली. अगदी खरी, कानशिलं तापवणारी. (लाजेला मार्क ठेवलेले नाहीत.) गेल्या महिन्यातल्या त्या संध्याकाळी ते याच धड्याची टिपणं काढत होते आणि खालच्या आरडाओरड्याचा फार व्यत्यय येत होता. खऱ्या उत्तराला पाच मार्क द्यावेत, असं त्यांना मनापासून वाटलं. पण फेरतपासणीत कारण विचारलं असतं, आणि मग दाराची गोष्ट सांगावी लागली असती. त्यांनी पेन आणखी जरा पुढं सरकवलं.

मुलीनं बराच वेळ विचार केला. मामाचाच केला असावा. मग तिनं पेन घेतलं.

"किती जण लिहू, सर?"

"चार पुरेत."

"तळमजल्यावर पाच होते."

"बरं, पाच लिही," मास्तर म्हणाले, पण तिच्याकडे न बघता.

निकाल शंभर टक्के लागला. हे यश पाहून खाते आता मोठ्यांचीही परीक्षा घेणार आहे म्हणतात. तुम्ही अजिबात काळजी करू नका. वर प्रश्न वाचल्या वाचल्या तुम्ही मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळे झालात, पाचपैकी पाच.