आनंदीबाईंचं डोकं आणि श्रीनिवासरावांचा कॅमेरा

वारज्यातल्या श्रीनिवास मेहेंदळ्यांनी आयुष्यात एकही वस्तू चौकशी केल्याशिवाय घेतलेली नाही. कुकरची शिट्टी घ्यायची तरी ते आधी अर्धं पुणं पालथं घालतात आणि मग पहिल्याच दुकानात परत येतात. त्यामुळे त्यांनी एका सकाळी जाहीर केलं की, "डीएसएलआर कॅमेरा घेतोय, आणि असा घेईन की दुकानदार माझ्याकडे सल्ला मागायला येईल," तेव्हा आनंदीबाईंनी पोह्यांवर खोबरं भुरभुरवत एवढंच विचारलं, "त्यात माझं डोकं येईल का?"

प्रश्न रास्त होता. लग्न झाल्यापासून श्रीनिवासरावांनी बायकोचे जेवढे फोटो काढले, त्या सगळ्यांत आनंदीबाई गळ्यापर्यंतच होत्या. महाबळेश्वरच्या फोटोत दरी आली, घोडा आला, घोडेवालासुद्धा हसताना आला. आनंदीबाईंचं मात्र मंगळसूत्र आलं आणि तिथेच फोटो संपला. अल्बम बघणाऱ्या पाहुण्यांना साडीवरून ओळख पटवून द्यावी लागे.

यंदा मात्र हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. नवरात्रात नवमीच्या संध्याकाळी सोसायटीच्या स्टेजवर आनंदीबाई पहिल्यांदाच एकट्या गाणार होत्या. मुलं, डबे, सासूबाईंचं आजारपण यांत राहून गेलेलं गाणं आता कुठे वर आलं होतं.

"त्या दिवसाचा एक फोटो मला हवाय. तोंडासकट," त्या म्हणाल्या. "हॉलमध्ये लावणार आहे. आणि नाही आला, तर पुन्हा माझ्यासमोर कॅमेरा धरायचा नाही."

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज जरा हलला. श्रीनिवासरावांनी तो ऐकला आणि बशीतले पोहे तसेच ठेवून ते अभ्यासाला बसले.

अभ्यास म्हणजे काय विचारता! गणपती बसले आणि उठले, पितृपक्ष गेला, हे आपले व्हिडिओ बघतायत. प्रत्येक व्हिडिओतला तरुण तासभर बोलायचा आणि शेवटी म्हणायचा, कॅमेरा तुमच्या गरजेनुसार आणि बजेटनुसार घ्या. गरज काय ते बजेट कळल्याशिवाय ठरेना, आणि बजेट किती ते गरज ठरल्याशिवाय सुचेना. भाचा शौनक म्हणाला, "मामा, डीएसएलआर आउटडेटेड झाला. मिररलेस घे, त्यात आरसा नसतो."

"आरसा काढून घेतात आणि वर जास्त पैसे लावतात? मी आरशासकट घेईन," मामा म्हणाले.

शेवटी अष्टमीला ते शनिवार पेठेतल्या एका दुकानात जाऊन उभे राहिले. काउंटरमागे उत्तरेश्वर नावाचे मालक पेपर वाचत होते.

"डीएसएलआर दाखवा."

"कशासाठी?"

"फोटो काढायला."

"ते कळलं. पक्षी, खेळ, लग्नं?"

"बायको."

उत्तरेश्वरांनी पेपर खाली ठेवला. "पळतात का?"

"कोण?"

"वहिनी. पळणारं, उडणारं काही असलं तर लेन्स वेगळी लागते."

"नाही हो, बसून गातात."

"मग हा घ्या. साधा आहे, बरोबरची लेन्स तुम्हाला पुरून उरेल."

पण एवढा अभ्यास केलेला माणूस पहिल्या फटक्यात कसा ऐकेल? "याचा सेन्सर क्रॉप आहे," श्रीनिवासराव म्हणाले. "त्यात कडा कापल्या जातात असं ऐकलंय. आमच्याकडे नेमका तोच आजार आहे. मला फुल फ्रेम दाखवा."

उत्तरेश्वरांनी दाखवला आणि किंमत सांगितली. श्रीनिवासरावांनी पाणी मागितलं.

"यात डोकं नक्की येईल ना?"

"डोकं दोन्हींत येतं. तुम्ही दोन पावलं मागे सरका. त्याचे आम्ही पैसे घेत नाही."

साधा कॅमेरा घेऊन श्रीनिवासराव घरी आले. फोटो स्पष्ट येतो याची मात्र त्यांनी खात्री करून घेतली होती. दुकानासमोरच्या पाटीवरचा 'येथे गाडी लावू नये' हा मजकूर त्यात अगदी गंजाच्या टिपक्यांसकट आला होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मेहेंदळ्यांच्या घरात या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा होते: पक्कड, स्कूटर, मिक्सर, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कशाला हात लावायचा नाही, हा नियम स्वतः श्रीनिवासरावांचा. यंदा पाटावर मधोमध कॅमेरा बसला. झाकणाला कुंकू लावणं त्यांना पटेना. पूजा यंत्राची करायची, झाकणाची नव्हे. त्यांनी झाकण काढलं आणि काचेवर भक्तिभावाने कुंकवाचं बोट टेकवलं. मग त्यांना झेंडू आठवला, मग नैवेद्य, मग निरांजन, आणि संध्याकाळ झाली.

संध्याकाळी ते कॅमेरा उचलायला गेले, तेव्हा आनंदीबाई नऊवारी नेसून दारात उभ्या होत्या.

"पूजेतला आहे तो," त्या म्हणाल्या.

"अगं, पण तुझा फोटो..."

"लग्न झाल्यापासून दर नवमीला मी चटणी पाट्यावर वाटतेय. मिक्सर पूजेत असतो म्हणून."

श्रीनिवासराव पुरते गोंधळले. नियम मोडावा तर आजवरची सगळी चटणी अंगावर येणार, आणि पाळावा तर हॉलमधली भिंत कायमची रिकामी राहणार. शेवटी त्यांनी देवाला हात जोडले, कॅमेऱ्यावरचं फूल बाजूला ठेवलं, त्याच्या अंगावरची हळद धोतराला पुसली आणि तो गळ्यात अडकवून बाहेर पडले. काचेकडे बघायचं राहूनच गेलं.

आनंदीबाई गायल्या. काय गायल्या म्हणून सांगू! खुर्च्यांतली कुजबुज थांबली. श्रीनिवासराव दोन पावलं मागे सरकले. डोळ्याला कॅमेरा लावला, तर सगळं स्टेज गुलाबी, धुरकट. आधी त्यांना वाटलं लाइट तसे आहेत. मग वाटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन वाया गेलं. मग बायकोने वरचा सा लावला, आणि डोळ्यांत पाणी असेल म्हणून धुरकट दिसत असणार, अशी समजूत घालून ते बटण दाबत राहिले.

घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले. डोकं आलं होतं. अगदी अंबाड्यातल्या गजऱ्यासकट. पण टिपक्यांसकट पाटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात आनंदीबाई मात्र जणू गुलाबी दुलईतून बघत होत्या. श्रीनिवासरावांनी कॅमेरा उलटा धरून पाहिलं, तेव्हा काचेवर त्यांच्याच बोटाचा भलामोठा कुंकवाचा ठसा दिसला.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी काच स्वच्छ पुसली आणि दसऱ्याला पूजा उतरताच बायकोला पुन्हा त्याच नऊवारीत खिडकीपाशी बसवलं. तंबोरा मांडीवर, ऊन तोंडावर. दोन पावलं मागे. फोटो असा लख्ख आला की पापण्या मोजून घ्याव्यात.

श्रीनिवासरावांनी दोन्ही फोटो बायकोसमोर ठेवले आणि निकालाची वाट बघत उभे राहिले. आनंदीबाईंनी आधी लख्ख फोटो पाहिला. डोळ्यांखालची वर्तुळं पाहिली, गळ्याच्या वळ्या पाहिल्या, हनुवटीवरचा तो एक केसही पाहिला. मग त्यांनी धुरकट फोटो हातात घेतला. त्यातली बाई डोळे मिटून गात होती आणि फार तर पस्तिशीची दिसत होती. आनंदीबाई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

"हा लावू या हॉलमध्ये," त्या हळूच म्हणाल्या. "बरी दिसतेय मी."

श्रीनिवासरावांच्या जिवात जीव आला. ऐटीत त्यांनी कॅमेरा पुन्हा गळ्यात अडकवला. "मग? आहे की नाही अभ्यासाचा उपयोग? बस तशीच, आणखी दोन काढतो."

आनंदीबाईंनी पदर सावरला, केसांवरून हात फिरवला आणि देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं.

"आधी काचेला कुंकू लावा."