महिन्याच्या भाड्यात दोन दिवस

"वर हॉटेलात दोन रात्रींना जे पैसे पडतात, त्यात खालच्या गावात अख्खं घर महिनाभर मिळतं," एर्मेकने जाहीर केलं आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन चहाचा पेला पुढे सरकवला.

त्याच्या बायकोने, रौशानने, चहा ओतला नाही. डोंगरावरचं ते स्कीचं ठिकाण चारही ऋतूंत चालू असतं आणि गेली सहा वर्षं एर्मेक तिला पुढच्या ऋतूचा वायदा करत आला होता. उन्हाळ्यात म्हणे पानगळीत गर्दी कमी असते, पानगळीत म्हणे आधी बर्फ तर पडू दे, आणि बर्फ पडला की म्हणे भाव चढलेत, वसंतात जाऊ. अल्माटीतल्या त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला तो उतार रोज दिसायचा. बिचारी बघून बघून कंटाळली होती.

"यंदा नाही नेलंस तर मी एकटी जाईन," ती म्हणाली. "आणि स्की शिकवायला कोणता पोरगा घ्यायचा तेही मीच ठरवीन."

"अगं, घर ठरवलंसुद्धा! फक्त घरमालकिणीला सांगितलंय, आपण कायमचे राहायला येतोय. दोन दिवसांसाठी ती देईना."

दोघंही एकाच शाळेत शिक्षक. हिवाळ्याची सुट्टी लागताच एर्मेकने डोंगरावरच्या लिफ्टचे दोन दिवसांचे पास काढले. पैसे परत मिळणार नव्हते, म्हणूनच ते स्वस्त होते. सकाळी आठला दोघं गावात उतरली आणि साडेआठला शेजारच्या बालझान आजी दारात उभ्या.

"नवीन बिऱ्हाड ना? चला, एरुलिकला आमच्याकडे. मेंढी कापलीय."

एर्मेकचा चेहरा पडला. एरुलिकची रीतच ती, नव्याने राहायला आलेल्यांना शेजाऱ्यांनी जेवू घालायचंच असतं. नाही म्हटलं तर आजींच्या तोंडावर दार आपटल्यासारखं झालं असतं.

"आजी, आम्ही जरा वर जाऊन..."

"डोंगर कुठं पळून जातोय? आता जन्मभर इथंच राहायचंय ना तुम्हाला?"

आजींनी एर्मेकला मानाच्या जागी बसवलं, समोर खिडकी आणि खिडकीत लिफ्टच्या रिकाम्या खुर्च्या एकामागून एक वर चाललेल्या. त्याला बसवेना. तो उठायला जरा हलला, की सगळ्यांना वाटे पाहुणा जागा करून देतोय, आणि आणखी एक जण येऊन खेटून बसे. चहा झाला, परत चहा झाला. चार वाजता खुर्च्या थांबल्या तेव्हा कुठे मांस ताटात आलं.



दुसऱ्या दिवशी सातलाच दोघं मागच्या फाटकातून गुपचूप निसटली. फाटक उघडत होतं ते मागच्या घरातल्या कासिमकाकांच्या अंगणात, आणि काका तिथंच बर्फ झाडत उभे होते.

"वा! बोलवायच्या आधीच आलात? आपलेपणा असावा तर असा. बसा, बसा."

दुपारी एर्मेकसमोर मेंढीचं अख्खं डोकं आलं. मानाच्या पाहुण्याने ते कापून सगळ्यांना वाटायचं. सुरी हातात घेऊन त्याने शेजारी पाहिलं तर रौशानची जागा रिकामी.

"ती आमच्या दीनाबरोबर वर गेली," काका म्हणाले. "सून लिफ्टवरच कामाला आहे ना. तुम्ही बसा निवांत. घरातला कर्ता बसलाय तोवर आमचा मान राखलाच गेला."

एर्मेक कान कापत होता आणि मान वळवून वळवून खिडकीतून बघत होता. उतारावर एक ठिपका पडत, उठत, परत पडत खाली येत होता. त्याला मनापासून हेवा वाटला.

संध्याकाळी रौशान आली ती लाल गालांनी, गुडघ्यांवर बर्फ घेऊन, आणि सहा वर्षांत हसली नव्हती तशी हसत.

"पुरे झालं," एर्मेक म्हणाला. "मी सगळ्यांना खरं सांगून टाकतो. उद्याच परत जाऊ."

"कशाला? भाडं महिन्याचं भरलंय, शाळा उघडायला नऊ दिवस आहेत. वाया घालवायचं? दीनाने मला नऊ दिवसांचा पास काढून दिला, अर्ध्या पैशांत."

"आणि माझा?"

"तुझा कशाला? बोलावणी सगळ्या गल्लीची आलीत, कुणीतरी बसायला नको? मी प्रत्येक घराला दिवस ठरवून दिलाय. उद्या कोपऱ्यावरच्यांकडे आठला जा. घोड्याचं मांस आहे म्हणे, उपाशी जा."